सेवेचा हेतू, सेवेची अट : शारदा सदनाचं प्रकरण कसं वाचावं?

एकोणिसाव्या शतकातल्या मिशन-शाळा, अनाथाश्रम किंवा विधवागृहं यांवर काम करायचं ठरवलंत, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तुम्हाला विचारणार : "ही सेवा होती की धर्मप्रसार?" प्रश्न सरळ वाटतो, पण त्यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. देणाऱ्याचा हेतू काय होता? मदतीची ठरलेली अट काय होती? आणि घेणाऱ्याला 'नाही' म्हणायची किती मोकळीक होती? मी मूळची विज्ञान शाखेची. तीन चल एकत्र मोजले की निष्कर्ष बिघडतो, हे तिथे अंगवळणी पडतं. इतिहासातही तसंच आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचं उदाहरण घेऊन पाहू.

आधी हेतू. रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. म्हणजे सदन सुरू झालं तेव्हा त्या ख्रिस्ती होत्या, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. पण त्याआधीचं आयुष्यही पाहा : दुष्काळात आईवडील गेले, १८८२ मध्ये नवरा गेला, पदरात लहान मुलगी. विधवांसाठी काम करण्याची ओढ धर्मातून आली की या अनुभवातून, हे काटेकोरपणे वेगळं करता येत नाही. हेतू बहुतेक वेळा मिश्रच असतो. म्हणून निव्वळ हेतूवर प्रबंध उभा करू नका.

आता अट. पैसा अमेरिकेतून यायचा. बॉस्टनमध्ये १८८७ मध्ये स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं मदत देण्याचं कबूल केलं होतं. शिक्षण धर्मनिरपेक्ष राहील, असं ठरलं होतं. मार्च १८८९ मध्ये मुंबईत सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. मुलींना जातीचे, खाण्यापिण्याचे नियम पाळायची मुभा होती. म्हणूनच रानडे, भांडारकर यांच्यासारखी मंडळी सल्लागार म्हणून पाठीशी उभी राहिली. कागदावर पाहिलं तर धर्माची अट शून्य.

मग १८९३ मध्ये वाद का पेटला? रमाबाई स्वतःची प्रार्थना करायच्या तेव्हा खोलीचं दार उघडं असायचं आणि काही मुली तिथे जाऊन बसायच्या. माझ्याच घरात मी माझी प्रार्थना दार लावून का करावी, हा रमाबाईंचा मुद्दा. ज्या बाईवर मुलीचं सगळं अवलंबून आहे, तिचं उघडं दार हेसुद्धा आमंत्रणच, हा विरोधकांचा मुद्दा. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, सल्लागारांनी राजीनामे दिले, बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. नीट पाहा, दोन्ही बाजू वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होत्या. रमाबाई अटीबद्दल बोलत होत्या, टीकाकार मोकळिकीबद्दल.

मोकळीक कशी मोजायची? माझ्या मते मोजपट्टी एकच : 'नाही' म्हटल्यावर त्या व्यक्तीला जायला दुसरं दार होतं का? याच सदनातल्या गोदूबाई जोशी या अगदी सुरुवातीच्या विधवा विद्यार्थिनी. त्या तिथे शिकल्या, हिंदूच राहिल्या आणि वादाच्याच वर्षी, १८९३ मध्ये, धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचं लग्न झालं. म्हणजे सदनात 'नाही' म्हणता येत होतं. पण त्यांच्या पाठीशी भाऊ होता, हेही नोंदवा. ज्यांच्यामागे कुणीच नव्हतं, त्यांचं काय?

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणि विधवा आणल्या. केडगावच्या मुक्तीचं काम त्यातून वाढलं. पुढे १८९८ मध्ये असोसिएशनची दहा वर्षांची मुदत संपली, तसं धर्मनिरपेक्षतेचं बंधनही संपलं आणि मुक्ती उघडपणे ख्रिस्ती संस्था झाली. उपाशी आलेल्या मुलीला लेखी अट घालायची गरजच काय? तिच्यासाठी ते एकच दार उघडं होतं. मात्र त्या मुली जगल्या त्याही याच दारामुळे. ही दोन्ही वाक्यं तुमच्या प्रबंधात शेजारी-शेजारी यायला हवीत.

आणि हीच पट्टी दुसऱ्या बाजूलाही लावा, नाहीतर ते संशोधन नव्हे, वकिली झाली. कर्व्यांनी १८९६ मध्ये पुण्यात अनाथ बालिकाश्रमाचं काम सुरू केलं. समाज बिथरू नये म्हणून स्वतः पुनर्विवाह केलेला हा माणूस पुनर्विवाहाचा प्रचार आश्रमापासून कटाक्षाने दूर ठेवत होता. विधवांसाठी दुसरं दार उघडलं खरं, पण सुरुवातीला ते ब्राह्मण विधवांपुरतंच होतं. धर्मांतराची अट नव्हती, जातीची होती. आणि जातीची अट 'अट' म्हणून कुणाच्या डोळ्यांवर आली नाही, कारण ती सगळ्यांच्या सवयीची होती.

शेवटी साधनांबद्दल. हेतूसाठी पत्रं आणि आत्मकथनं वाचा, अटीसाठी संस्थांचे अहवाल, वादासाठी वर्तमानपत्रं. मोकळिकीसाठी मात्र घेणाऱ्यांचाच आवाज शोधावा लागतो आणि तो फार थोडा मिळतो. गोदूबाईंचं, म्हणजेच आनंदीबाई कर्व्यांचं, 'माझे पुराण' म्हणूनच मोलाचं. ते वाचताना एवढं लक्षात ठेवा : लिहिणारी बाई घर मिळालेली आहे. दुष्काळातून आलेल्या बहुतेक मुलींनी काहीच लिहून ठेवलं नाही. त्यांच्या गप्प राहण्याला संमती समजू नका आणि सक्तीचा पुरावाही समजू नका.