आश्विनांतलें वादळ

कलकत्त्यावर आजवर जीं वादळें आलीं त्यांत १८६४ सालच्या ५ ऑक्टोबरचें वादळ बंगाली लोकांच्या स्मरणांत विशेष राहिलें. दुर्गापूजा तोंडावर आलेली असतां तें आलें, म्हणून ‘आश्विनेर झड’ हें नांव त्यास पडलें. सकाळीं मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर चढलेलें हें वादळ दुपारीं राजधानीवर येऊन धडकलें. बंदरांत त्या दिवशीं सुमारें १९५ जहाजें होतीं. त्यांपैकीं धड राहिलीं तीं अवघीं २३. शहरांतील गरिबांच्या झोपड्या हजारोंनीं भुईसपाट झाल्या.

तथापि खरा संहार वाऱ्यानें केला नाहीं, पाण्यानें केला. आणि तोही शहरांत नव्हे, तर खालीं हुगळीच्या मुखाकडे. चक्री वादळाचा वारा समुद्राचें पाणी पुढें रेटीत आणतो. बंगालचा उपसागर उत्तरेस निमुळता व उथळ होत गेल्यामुळें त्या पाण्यास पसरावयास जागा उरत नाहीं आणि तें उंच चढतें. अशी लाट नदींत शिरली व तिनें खेजुरी, हिजळी, सागर बेट येथील वस्ती धुऊन नेली. मृतांचा अदमास सुमारें ६०,००० केला जातो. वांचले त्यांच्या नशिबीं खारट झालेलीं तळीं आणि रोगराई आली.

हें संकट अगदींच अकल्पित होतें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. हेन्री पिडिंग्टन नांवाचा एक जुना दर्यावर्दी कलकत्त्यास राहून जहाजांच्या रोजनिशा चाळीत असे. सापाच्या वेटोळ्यावरून ‘सायक्लोन’ हा शब्द १८४८ सालीं रूढ केला तो त्यानेंच. पुढें मातला नदीवर नवें बंदर वसविण्याचा विचार निघाला, तेव्हां १८५३ सालीं त्यानें लॉर्ड डलहौसीस पत्र लिहून बजाविलें कीं, ही जागा एके दिवशीं समुद्राच्या लाटेखालीं जाईल. पिडिंग्टन १८५८ सालीं वारला, बंदर झालें. कापसाच्या तेजीनें बेभान झालेल्या मुंबईनेंही पोर्ट कॅनिंगच्या शेअरांवर सट्टा खेळून घेतला! १८६४ चा धडा डोळ्यांसमोर असतांही काम थांबलें नाहीं, आणि १८६७ च्या नोव्हेंबरांत लाटेनें त्या बंदराची दुर्दशा केली.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें नव्हे. गॅस्ट्रेल व ब्लॅनफर्ड यांनीं चौकशी करून सविस्तर अहवाल लिहिला, कलकत्ता बंदरास इशारे देण्याची व्यवस्था झाली, आणि १८७५ सालीं अखिल हिंदुस्थानचें हवामान खातें निघून ब्लॅनफर्ड त्याचा मुख्य झाला. याच खात्याचें ठाणें १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें; त्याची पुण्यांतील इमारत ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखली जाते. खात्याच्या जन्मकथेंत १८६४ चें वादळ आदरानें सांगितलें जातें, तें योग्यच आहे. परंतु ते पहिले इशारे कोणासाठीं होते? जहाजांसाठीं. खाऱ्या मातींत बांध घालून भात पिकविणारा कुणबी त्या हिशेबांत नव्हता, आणि ६०,००० त बहुसंख्य तोच होता.

खातें निघाल्यावर वर्ष लोटलें. १८७६ च्या ३१ ऑक्टोबरच्या रात्रीं मेघनेच्या मुखाशीं, बाकरगंजच्या बाजूस, तशीच लाट चढली. त्या रात्रीं व मागाहून आलेल्या पटकींत मिळून सुमारें दोन लक्ष माणसें दगावलीं.