रात्रपाळीची विद्या

दसऱ्याला माझी एक जुनी विद्यार्थिनी सोने द्यायला आली. मुंबईच्या एका रुग्णालयात बरीच वर्षे परिचारिका होती. पुढे अमेरिकेला गेली. पाया पडून म्हणाली, "गुरुजी, आशीर्वाद द्या. मी डॉक्टरेट करते आहे. नर्सिंगमधल्या नेतृत्वाची."

मी स्वतः मॅट्रिक. चार कादंबऱ्या लिहिल्या, वीस वर्षे फळ्यापुढे उभा राहिलो. पदवीचा कागद काही हाती आला नाही. त्यामुळेच असेल, मी जरा तिरकस बोललो, "काय ग, उशी नीट करायलाही आता डॉक्टरेट लागते वाटते?" ती हसली, पण हसताना तिने माझ्याकडे पाहिले नाही. ती बोच मनात राहिली आणि तिच्यापायी मी हा इतिहास धुंडाळला. वाचकहो, फराळाच्या ताटाबरोबर तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

या कथेचा आरंभ क्रिमियाच्या युद्धात आहे. 1854 साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोचली. दिवा घेतलेली तिची तसबीर आपण शाळेच्या पुस्तकात पाहिली आहे. तिच्या वहीची मात्र फारशी कोणाला आठवण नाही. शिपाई जखमांपेक्षा रोगराईने अधिक मरत होते. मायदेशी परतल्यावर तिने ते आकडे आकृत्यांत मांडले आणि सरकारपुढे ठेवले. 1858 साली लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने तिला सभासद करून घेतले; तो मान मिळालेली ती पहिली स्त्री. पदवी मात्र तिच्यापाशी नव्हती. लंडन विद्यापीठाने स्त्रियांना पदवीचे दार उघडले ते 1878 साली!

पुढचा अध्याय अमेरिकेतला. 1907 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात ॲडलेड नटिंग ही परिचर्येची प्राध्यापिका झाली, जगातली पहिली. त्याच संस्थेत 1924 पासून परिचारिकांना डॉक्टरेटची वाट खुली झाली. पण ती शिक्षणशास्त्राची. नंतर संशोधनाची पदवी आली. म्हणजे विदुषी व्हायचे, तर बहुधा रोग्याची खाट सोडून वर्गात नाही तर ग्रंथालयात जायचे. खाटेपाशी राहून मिळविलेल्या विद्येला विद्यापीठात जागा नव्हती.

ती कोंडी हळूहळू फुटली. 1979 साली क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने प्रत्यक्ष कामावर आधारलेली एक पदवी काढली. 1999 साली एका सरकारमान्य वैद्यक संस्थेच्या अहवालाने अमेरिका हादरली : उपचारांतील चुकांमुळे तिथल्या रुग्णालयांत दरवर्षी 44,000 ते 98,000 माणसे दगावत असावीत! 2001 साली केंटकी विद्यापीठात आजच्या स्वरूपाची 'डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस' ही पदवी सुरू झाली. 2004 साली तिथल्या नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेने ठराव केला, की वरच्या दर्जाच्या रुग्णसेवेसाठी 2015 पर्यंत हीच पदवी रूढ व्हावी. ती मुदत टळून गेली. आणखी एका पदवीने काय साधणार, असे विचारणारेही होतेच. पण पदवी टिकली, वाढली.

तिच्यात कपाटात ठेवायचा प्रबंध मुख्य नसतो. आपल्याच वॉर्डातले एखादे दुखणे निवडायचे, कामाची रीत बदलायची, आणि आधीचे व नंतरचे आकडे ताडून पाहायचे. 2006 च्या निकषांप्रमाणे पहिल्या पदवीनंतर किमान 1,000 तास प्रत्यक्ष कामाचे भरावे लागत.

यात नेतृत्व कुठे आले, असे मलाही वाटले होते. त्याचे उत्तर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात सापडले. 2001 च्या सुमारास पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरांनी, मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टींची यादी केली. हात धुणे ही त्यांतली एक! डॉक्टर एखादी गोष्ट विसरले, तर त्यांना थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला दिला. पुढे मिशिगन राज्यातल्या अतिदक्षता विभागांत हीच रीत नेली, तेव्हा दीड वर्षात त्या नळीमुळे रक्तात होणारे जंतुसंसर्ग जवळजवळ दोनतृतीयांशांनी घटले. डॉक्टरांना "थांबा" म्हणायचे धैर्य आणि ते का म्हणायचे याचे ज्ञान, हे दोन्ही मिळून ते नेतृत्व.

हे वाचताना मला माझी आई आठवली. दोन महिने ती रुग्णालयात पडून होती. रात्रपाळीची सिस्टर दर दोन तासांनी तिला कुशीवर वळवी, उशी सरकवी, वहीत टिपून ठेवी. आईच्या पाठीला एक व्रण झाला नाही. घरी निघताना मी पेढे दिले ते डॉक्टरांना. सिस्टरचे नावसुद्धा विचारले नाही.

विद्यार्थिनीला मी पत्र लिहिले, चुकलो म्हणून कळविले आणि अभ्यासाचा विषय विचारला. उत्तर आले : "गुरुजी, म्हातारे रोगी रात्री उठतात आणि पडतात. कोणत्या वेळी अधिक पडतात, ते मोजते आहे."

परवा तिला दिवाळीचे शुभेच्छापत्र लिहायला बसलो. पदवी मिळायला अजून अवकाश आहे, म्हणून पाकिटावर नावाआधी थोडी जागा मोकळी सोडली. आतला मायना मात्र नेहमीचाच घातला : चि. सौ.