भाकरी, मेंदू आणि एक खर्चिक विकर

परभणी म्हटली की ज्वारी ही आलीच. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या काठची काळी जमीन, थंडीतला हुरडा आणि तव्यावर टम्म फुगलेली पांढरी भाकरी. या भाकरीवर आपल्या कित्येक पिढ्या पोसल्या. तिचा आणि मेंदूच्या रोगांचा काही संबंध आहे असे कोणी म्हटले, तर आपण चटकन म्हणू, "काहीतरीच काय!" पण संबंध आहे, आणि त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे.

ही हकीकत सुरू होते युरोपात. अठराव्या शतकात स्पेनमध्ये गास्पार कासाल नावाच्या वैद्याने गरीब शेतकऱ्यांच्या एका रोगाचे वर्णन केले. हातापायांची आणि मानेची कातडी उन्हाने करपल्यासारखी होई, जुलाब लागत आणि शेवटी माणूस भ्रमिष्ट होई. १७७१ साली इटलीत फ्रापोल्ली याने या रोगाला 'पेलाग्रा' हे नाव दिले. त्याचा अर्थ खरखरीत कातडी. हे लोक मुख्यतः मक्यावर जगत. पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात याच रोगाने वेड्यांची इस्पितळे भरू लागली. १९१४ मध्ये जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरने तिथे एक साधी गोष्ट हेरली. रोग इस्पितळातल्या रोग्यांना होतो, त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना होत नाही. मग तो संसर्गाचा कसा? फरक होता तो ताटात. अखेर १९३७ साली कॉनराड एल्वेजेम याने दाखवून दिले, की उणीव आहे ती नायसिन या जीवनसत्त्वाची. वर्षानुवर्षे वेडे ठरवलेली माणसे हे औषध मिळताच शुद्धीवर येऊ लागली. ती वेडी नव्हती हो, उपाशी होती!

आता तुम्ही म्हणाल, मका आमच्याकडे कोण रोज खातो? अगदी बरोबर. पण हाच रोग दख्खनच्या पठारावर ज्वारी खाणाऱ्या गरिबांतही दिसला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत परभणी जिल्हा ज्या हैदराबाद राज्यात होता, त्याच्या राजधानीत पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा आली. तीच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिथे डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांना एक कोडे पडले. ज्वारीत नायसिन तांदळापेक्षा कमी नसते. मग भातावर जगणारा तितकाच गरीब माणूस वाचतो आणि ज्वारीवर जगणारा का सापडतो? महाराष्ट्र राज्य झाले त्याच १९६० साली त्यांनी आपले उत्तर प्रसिद्ध केले. ज्वारीच्या प्रथिनात ल्यूसिन नावाचे अमिनो आम्ल फार असते. त्यामुळे शरीरात नायसिनचा नीट उपयोग होत नसावा. या मतावर पुढे पुष्कळ वाद झाले. वाद नाही तो एवढ्यापुरता, की रोग भाकरीने होत नव्हता. नुसत्या भाकरीने होत होता. सोबत वरण, दूध, मूठभर शेंगदाणे असले, तर भाकरीसारखे अन्न नाही.

पण नायसिन नसले तर मेंदूच का बिघडावा? इथे आपल्या कणगीचा दृष्टांत घेऊ. नायसिनपासून शरीर 'एनएडी' नावाचा पदार्थ बनवते. पेशीला अन्नातून शक्ती काढायला तो लागतो. एनएडी ही पेशीची कणगीच म्हणा ना! मेंदूच्या पेशी शक्तीच्या मोठ्या खाऊ, म्हणून कणगी रिती झाली की त्यांना लवकर जाणवते. पेलाग्रात कणगी भरतच नाही.

कणगी रिती होण्याचा दुसराही मार्ग आहे. १९६३ साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे पिअर शांबों आणि त्यांच्या सहकाऱ्यांना एका विकराची, म्हणजे एन्झाइमची, चाहूल लागली. त्याला आज थोडक्यात 'पार्प' म्हणतात. पेशीतला डीएनएचा धागा तुटला की पार्प तिथे धावते आणि एनएडी खर्चून एक साखळी विणते. ती पाहून दुरुस्ती करणारे जमा होतात. घराचे छप्पर उडाले तर गडी बोलवावेत आणि कणगीतले धान्य काढून त्यांना जेवू घालावे, तसे हे. नुकसान थोडे असेल तर घर सावरते. पण छप्पर रोजच उडू लागले तर? गड्यांना जेवू घालता घालता घरचेच उपाशी राहतात. शिवाय ती साखळी पेशीभर पसरून मृत्यूचा निरोप पोचवते आणि शेवटी डीएनएचे तुकडे होतात. जीव राखणारे विकरच असे जिवावर उठते.

कंपवाताशी, म्हणजे पार्किन्सनच्या रोगाशी, याचा संबंध इथे येतो. १९९९ साली पार्प नसलेल्या उंदरांना कंपवात आणणारे विष दिले, तेव्हा त्यांच्या मेंदूची हानी फार कमी झाली. २०१८ साली अमेरिकेत टेड आणि व्हॅलिना डॉसन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की कंपवातात मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाच्या गुठळ्या पार्पच्या साखळीमुळे अधिक विषारी होतात. पार्पला आवरणारी औषधे २०१४ पासून काही कर्करोगांत वापरात आली. मेंदूच्या रोगांत मात्र काम नाजूक आहे. दुरुस्ती करणारा हात वर्षानुवर्षे बांधून ठेवणे धोक्याचे, आणि औषध मेंदूपर्यंत पोचवणेही कठीण.

यावरून कोणी असे समजू नये, की भाकरीने कंपवात होतो किंवा नायसिनच्या गोळ्यांनी तो बरा होतो. तसे सिद्ध झालेले नाही. पेलाग्रात आवक तुटते, कंपवातात खर्च हाताबाहेर जातो. रोग वेगळे, कणगी मात्र एक.

परभणीच्या कृषी विद्यापीठाने २०१८ मध्ये 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त अधिक असलेला ज्वारीचा वाण दिला. नायसिनचा प्रश्न त्याने सुटत नाही, पण दाण्यात काय आहे याकडे आपले लक्ष गेले, हेही थोडके नव्हे. पेलाग्रा आज विरळ झाला, तरी संपलेला नाही. दारूच्या आहारी गेलेल्यांत, किंवा पोटाला पुरेसे न मिळता क्षयाचे आयसोनियाझिड हे औषध घेणाऱ्यांत तो अजूनही दिसतो. म्हणून घरातले कोणी एकाएकी भ्रमिष्टासारखे वागू लागले, तर बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावीत बसू नका. डॉक्टरांकडे न्या, आणि गेले काही महिने त्याच्या ताटात काय पडत होते, हे न विसरता सांगा.