कागदाचा शंकू, स्पंजाची किनार

विभागाचे डेडस्टॉक रजिस्टर तपासताना दोन मोठ्या स्पीकरांपुढे ‘निकामी’ असा शेरा आढळला, तेव्हा आम्हा दोघांनाही थोडे चरकल्यासारखे झाले. आम्ही एम. ए. ला असताना याच स्पीकरांवर आमच्या सरांची ज्ञानेश्वरीवरील व्याख्याने ध्वनिफितीवरून ऐकली होती. सर आज नाहीत. फिती आहेत, त्यांची डिजिटल प्रतही झाली आहे. पण मोबाईलवर ऐकताना ते सर वाटत नाहीत. पुरुषी आवाजाचा मूळ स्वर साधारणपणे १०० हर्ट्झच्या आसपास असतो. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरातून तो जवळजवळ उमटतच नाही, कान तो अंदाजाने भरून काढतो. म्हणून स्पीकरांची पुढची जाळी काढून पाहिली. काळा कागदी शंकू अगदी शाबूत होता. त्याच्या भोवतीची स्पंजाची किनार मात्र बोट लावताच चिकट भुगा होऊन हाती आली. नाजूक कागद टिकावा आणि लवचिक स्पंज झडावा, हे उलटेच झाले. त्याचे कारण शोधू लागलो तेव्हा एक शंभर वर्षांचा इतिहास समोर आला.

आवाज मोठा करायचा तर ग्रामोफोनसारखा कर्णा हवा, ही समजूत विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचविशीत रूढ होती. चुंबकीय क्षेत्रात हलणाऱ्या वेटोळ्याची कल्पना त्याआधीची. ऑलिव्हर लॉज यांनी १८९८ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. परंतु कर्ण्यावाचून चालणारा, आजच्या घराण्यातला म्हणता येईल असा स्पीकर सिद्ध केला तो अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिकच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी. त्यांचा निबंध १९२५ चा. रचना सोपी आहे : कागदी शंकूच्या टोकाला तारेचे वेटोळे, ते चुंबकाच्या अरुंद फटीत, वीज बदलेल तसे वेटोळे पुढेमागे होते आणि शंकू हवा ढकलतो. शंकूला बाहेरून धरून ठेवायचे, पण हलूही द्यायचे, हे काम किनारीचे.

कागदच का? तो हलका असतो, शंकूचा आकार दिला की पुरेसा ताठ होतो, आणि मुख्य म्हणजे धातूच्या पत्र्यासारखा स्वतः घुमत राहत नाही. जुन्या रेडिओंत बहुधा किनारही त्याच कागदाची, चुण्या पाडलेली असे. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेले ‘गीतरामायण’ घराघरांत पोहोचले ते अशाच कागदांच्या थरथरीतून. आमच्या वाङ्मयेतिहासांत कवी येतो, संगीतकार येतो, क्वचित आकाशवाणीही येते; हा कागद कधी येत नाही. (तो यावा असा आमचा आग्रह नाही, पण एखादी तळटीप त्याला द्यायला हरकत नव्हती.) असा कागद चिरला तर पातळ कागदाचे ठिगळ आणि पाण्यात सैल केलेला गोंद एवढे पुरे. हात मात्र आवरता हवा. गोंद जास्त झाला की शंकू जड होतो आणि आवाज मंदावतो.

स्पंज आला तो पुढे. एडगर व्हिलचर यांनी १९५४ मध्ये पेटीतील कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगप्रमाणे वापरले आणि लहान पेटीतून खर्जाचे स्वर काढून दाखवले. त्यासाठी शंकू अगदी मोकळा हलायला हवा, म्हणजे किनार मऊ हवी. आधी लेप दिलेले कापड वापरात होते; सत्तरीच्या दशकात पॉलियुरेथेनचा स्पंज सर्रास आला. हलका, स्वस्त, लवचिक. हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटत जातात, हे पंधरा-वीस वर्षांनी कळले. स्पीकर वाजवा अथवा कपाटात ठेवा, किनार झडतेच. दमट हवेत तर लवकरच. सुधारणा म्हणून आलेली गोष्टच आयुष्य ठरवून गेली.

फाटणे हा नेहमी दोषच मानला गेला असेही नाही. लिंक रे या गिटारवादकाने १९५८ च्या ‘रम्बल’साठी स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडली, असे सांगतात. ‘द किंक्स’च्या १९६४ मधील ‘यू रिअली गॉट मी’साठी सतरा वर्षांच्या डेव्ह डेव्हिसने ॲम्प्लिफायरचा शंकू ब्लेडने चिरला आणि तो खरखरीत आवाज एका पिढीचा झाला. सरांच्या आवाजाला मात्र ही सवलत देण्याची आमची तयारी नव्हती.

आम्हाला भेटलेल्या कारागिराने दोन मार्ग सांगितले. शंकू, वेटोळे, किनार सगळेच नवे घालायचे, किंवा फक्त किनार बदलायची. पहिला सोपा. “पण सर, नवा कोन टाकला तर आवाज मोठा येईल, हा येणार नाही,” असे तोच म्हणाला. नव्या शंकूचे वजन आणि ताठरपणा वेगळा, म्हणजे त्याची मूळ कंपनसंख्याही वेगळी. पाठचिकित्सा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना हेच बजावतो, की पोथीचा कडेचा भाग कसरीने खाल्ला म्हणून सबंध पान नव्याने रचू नये. आम्ही किनारच बदलायची ठरवले.

त्याने जुना स्पंज खरवडला, कड स्पिरिटने पुसली, मधली टोपी अलगद कापली आणि वेटोळ्याभोवतीच्या फटीत कॅमेऱ्याच्या जुन्या फिल्मच्या पट्ट्या खोचल्या. वेटोळे केंद्रातून केसभर सरकले तरी चुंबकाला घासते. नवी रिंग आधी शंकूला, मग लोखंडी कडेला चिकटवली, रात्रभर वाळू दिली, पट्ट्या काढल्या. दोन्ही हातांच्या बोटांनी शंकू हलकेच दाबून त्याने कान लावला. एक नीट बसला होता. दुसरा घासत होता. तो पुन्हा उसवावा लागला.

सोमवारी वर्गात नवव्या अध्यायावरचे व्याख्यान लावले. सरांचा खोकला, खुर्ची सरकल्याचा आवाज, मग ते खर्जातले ‘बरं का’. विद्यार्थ्यांना त्यात विशेष काही वाटले नसावे, ते टिपणे घेत होते. रजिस्टरातील शेरा अजून ‘निकामी’ असाच आहे. तो बदलण्यासाठी कोणता अर्ज करावा लागतो, हे आम्ही कार्यालयात विचारून ठेवले आहे.