पदर, छत्री आणि टोपी

वाशीमच्या उन्हाबद्दल वाशीमकरांना सांगायची गरज नाही. पण हे वाचणारे निम्मे नातेवाईक आता पुण्या-मुंबईला आहेत, दोन-तीन तर पार समुद्रापलीकडे. त्यांच्यासाठी थोडे सांगते.

आपले गाव साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे २० मेच्या सुमारास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो. विजेच्या खांबाची सावली खांबाच्याच पायाशी गोळा होते. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. जुलैच्या चौथ्या आठवड्याच्या आसपास तो पुन्हा एकदा येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. मुलांना मैदानात काठी रोवून हे दाखवावे असे मला दरवर्षी वाटे, पण मे महिन्यात शाळेला सुट्टी! विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्याचे कारणही हेच ऊन. तर मुद्दा असा, की त्या दिवशी भिंतीच्या आडोशाला उभे राहूनही उपयोग नसतो. डोक्यावर जे असेल तेवढीच सावली आपली.

मग मनात आले, आपल्याकडे बाईच्या डोक्यावर आजवर काय काय होते?

सुरुवात पार वाकाटकांपासून करू. वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. सर्वसेनाने स्थापन केलेल्या वाकाटकांच्या शाखेची ही राजधानी. विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट १९३९ साली वाशीमलाच सापडला. याच घराण्यातल्या हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, अजिंठ्याची १६ आणि १७ क्रमांकाची लेणी झाली. अजिंठ्याची चित्रे नीट पाहा. राजाच्या, राणीच्या डोक्यावर छत्र धरून सेवक उभे आहेत. छत्र धरणाऱ्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र छत्र नाही! सावली ही मानाची वस्तू होती. पुढे १६७४ साली शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला तेव्हा त्यांनी जे बिरुद घेतले, त्यातही छत्रच आहे. आणि याच मानापायी आपल्या देशात कित्येक ठिकाणी खालच्या मानलेल्या जातींच्या माणसाने वरच्या जातीच्या माणसासमोर छत्री उघडायची नाही, असा दंडक होता. ऊन तर सगळ्यांच्या डोक्यावर सारखेच. सावली मात्र पायरी पाहून वाटली जाई.

बायकांच्या वाट्याला पदर आला. पण तो केव्हा घ्यायचा याचे नियम उन्हाशी जोडलेले नव्हते. सासरा, थोरले दीर, पारावर बसलेली वडीलधारी मंडळी दिसली की पदर पुढे ओढायचा. तीच लेक माहेरी आली की पदर खांद्यावर असला तरी चाले, मग बाहेर पारा ४३ वर का असेना. ब्राह्मण घरांत सवाष्णीने डोक्यावर पदर घेण्याची रीत नव्हती. विधवेला मात्र केशवपन करून तांबड्या लुगड्याचा पदर सक्तीचा. म्हणजे ही बाई कोणाची कोण, हे पदर सांगत होता. ऊन किती आहे, हे त्याला कोणी विचारलेच नाही.

छत्रीचे तर विचारूच नका. काशीबाई कानिटकर आणि आनंदीबाई जोशी पायात बूट घालून, हातात छत्री घेऊन रस्त्याने निघाल्या, तेव्हा लोकांनी त्यांना दगड मारले, असा उल्लेख स्त्री-चळवळीच्या इतिहासात येतो. एकोणिसाव्या शतकाचा शेवट तो! पुरुषाने छत्री उघडली तर उन्हासाठी, बाईने उघडली तर उद्धटपणासाठी.

याला आपल्या जिल्ह्यात एक सुंदर अपवाद आहे. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे तीर्थक्षेत्र, संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान. रामनवमीला तिथे यात्रा भरते, म्हणजे ऐन चैत्रातल्या उन्हात. तिथे जुन्या वेषातल्या बंजारा आजीबाईंची ओढणी बघावी. जाड सुती कापड, त्यावर दाट भरतकाम, आरसे, नाणी. डोके, मान, पाठ, सगळे झाकते. बैलांच्या तांड्याबरोबर देशभर पायी फिरलेल्या बायकांचे हे वस्त्र. चालणाऱ्या बाईने स्वतःसाठी केलेली सावली कशी असते, ते तिथे दिसते.

आता साहेबांची टोपी. जिला लोक सोलर हॅट म्हणत, तिचा 'सोलर'शी म्हणजे सूर्याशी नावापुरताही संबंध नाही. शोला नावाची पाणथळ जागी वाढणारी वनस्पती असते. तिच्या पांढऱ्या, हलक्या गाभ्यापासून ती टोपी करत. बंगाली नवरदेवाचा मुकुटही त्याच गाभ्याचा. गोऱ्या डॉक्टरांनी असा समज पसरवला होता, की हिंदुस्थानातले ऊन कवटी भेदून मेंदूत शिरते. म्हणून साहेब, मडमा, त्यांची मुले, सगळ्यांना ही टोपी सक्तीची. दुसऱ्या महायुद्धात सैनिक साध्या टोप्या घालून वावरले, कोणाचा मेंदू वितळला नाही, आणि तो समज मावळला. पण गंमत पाहा, टोपीची सोय गांधीजींनी बरोबर हेरली होती. 'यंग इंडिया'त १९२९ च्या सुमारास त्यांनी लिहिले, की लोकांच्या मनात या टोपीविषयी एवढी अढी नसती, तर तिच्या प्रचाराचे काम आपण हौसेने अंगावर घेतले असते. आमच्या आया-आज्यांपर्यंत मात्र ती कधी पोचली नाही. मडमेची टोपी ती!

इतके सगळे लिहायला निमित्त असे, की माझ्या मुलीने मला उन्हाची टोपी आणून दिली. रुंद काठाची, हनुवटीखाली दोरी, आत चिठ्ठीवर 'यूपीएफ ५०' असे छापलेले. म्हणजे अतिनील किरणांपैकी पन्नासातला एक भाग, दोन टक्के, आत येतो. कापडाचे असे मोजमाप पहिल्यांदा १९९६ साली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडने ठरवले. त्याच मापाने साधा पांढरा सुती टी-शर्ट सातच्या आसपास भरतो आणि भिजला की तीनच्या. ओले फडके डोक्याला गार करते हे खरे, पण किरणे जास्त आत सोडते! घरच्या घरी परीक्षा करायची तर कापड उजेडासमोर धरावे. उजेड जितका कमी दिसेल तितके बरे. आजीचे जाड, गडद लुगडे या परीक्षेत सहज पास झाले असते.

टोपी घालून मी लोणारला गेले. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, काठावर वारा भणाणता. दोरी नसती तर टोपी सरोवरात! भर माथ्यावरच्या उन्हाला टोपी उत्तम. कपाळ, नाक, कान सावलीत राहतात. पण खाली पाण्याजवळ उजेड खालून उसळून तोंडावर येतो, तिथे काठाचा उपयोग नाही. चढताना वरची पायरी बघायला मान जास्त मागे करावी लागते. आणि अंबाडा! टोपी मागे अंबाड्याला टेकते आणि पुढे डोळ्यांवर घसरते. वेणी घातली तेव्हा नीट बसली. बाजारात घालून गेले तर भाजीवाली म्हणाली, "बाई, मडम झाल्या का?" चार दिवसांनी कोणी बघेनासे झाले.

खरी परीक्षा झाली भावाच्या शेतात, सोयाबीनच्या सोंगणीला. ऑक्टोबरचे ऊन. सोंगायला आलेल्या एका मावशींना मी म्हटले, घालून तर बघा. अर्ध्या तासात टोपी परत!

"हे उभ्या मानसाची टोपी हाय, बाई. आमी तं दिवसभर वाकेल असतो."

मी बघतच राहिले. वाकलेल्या बाईच्या चेहऱ्यावर ऊन नसतेच, ते असते मानेवर आणि पाठीवर. काठाची सावली जमिनीवर पडते आणि विळ्यासमोर टोपी लोंबते. त्यांचे स्वतःचे साधन बघा: नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट साडीवरून, कपाळापासून मानेपर्यंत घट्ट बांधलेले फडके, कमरेला खोचलेला पदर. वर चुंबळ ठेवून भारा घेता येतो. पैसा लागत नाही. पदराने जे काम शतकानुशतके मानासाठी केले, ते या बायकांनी उन्हासाठी करवून घेतले. त्याला कोणी यूपीएफची चिठ्ठी लावली नाही, एवढेच.

मग मी शिंप्याकडून टोपीच्या मागे वीतभर गडद सुती कापड लावून घेतले आणि आत घट्ट इलॅस्टिक. दुसऱ्या दिवशी मावशींनी ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत ठेवली. भारा उचलताना काढली. "मान नाही भाजली," एवढेच म्हणाल्या.

टोपी म्हणजे उष्माघातावर इलाज नव्हे, हेही लक्षात असू द्यावे. त्याला पाणी हवे, विसावा हवा, कामाच्या वेळा सकाळच्या हव्यात. अहमदाबादने २०१३ साली उन्हापासून बचावाचा शहरी आराखडा केला. नंतर इतर शहरांनीही केले. पण शेतातल्या बाईची दुपार अजून तिची तीच पाहते.

आज स्कूटरवर स्कार्फ आणि सनकोट घालून जाणाऱ्या मुली पाहिल्या की मला बरे वाटते. काशीबाईंच्या छत्रीवर पडलेले दगड आता पडत नाहीत. उन्हापासून वाचणे हा हक्क आहे, हे शहरात तरी पटले. आता टोप्या करणाऱ्यांनी एकदा वाकून काम करणाऱ्या बाईलाही विचारावे.

असो. लांबले बरेच. घरोघरी जुने फोटो असतील. त्यात आपल्या आज्या-पणज्या उन्हात उभ्या असतील तर त्यांच्या डोक्यावर काय आहे, ते बघा आणि मला जरूर कळवा.