दाद मागणारी भुते
जोसोन राजवटीतील एक कोरियन कथा आहे. सावत्र आईने जांगह्वाच्या चारित्र्यावर खोटा आळ घेतला व तिला तळ्यात बुडविविले. धाकट्या होंग्न्योननेही तेथेच जीव दिला. पुढे दोघींची भुते रात्री नव्या अधिकाऱ्यापुढे गाऱ्हाणे घेऊन येऊ लागली. परंतु शब्द ऐकण्यापूर्वीच एकेक अधिकारी भयाने प्राण सोडी. अखेर एका धीरोदात्त अधिकाऱ्याने ते ऐकले, चौकशी केली आणि अपराध्यांना शासन केले. भुते शांत झाली.

१९२४, १९३६, १९५६, १९६२ व १९७२ साली ही कथा पडद्यावर आली. मोकळे केस आणि सुतकाची पांढरी वस्त्रे ही अशा चित्रपटांतील भुताची ओळखच ठरली. त्याच्या सुडामागे बहुधा एक अर्ज असतो: जिवंतपणी जे कोणी ऐकले नाही, ते आता तरी ऐकावे.