एका तटाच्या दोन बाजू

व्हिक्टर ह्यूगो यांची ‘ले मिझेराब्ल’ ही पाच भागांची कादंबरी १८६२ साली प्रसिद्ध झाली. बिशपचे घर, कारखाना, खाणावळ, मठ, पॅरिसच्या गल्ल्या आणि त्या शहराखालची गटारे, अशी कितीतरी स्थळे तीत येतात. एवढा विस्तार एका रात्रीच्या नाटकात मावावा कसा? प्रत्येक स्थळासाठी पडदा पाडला, तर कथेचा ओघच खुंटावयाचा.

८ ऑक्टोबर १९८५ रोजी लंडनच्या बार्बिकन नाट्यगृहात या कादंबरीचे संगीत रूपांतर रंगभूमीवर आले. ट्रेव्हर नन आणि जॉन केअर्ड हे त्याचे दिग्दर्शक होते. नेपथ्यकार जॉन नेपियर यांनी वरील प्रश्नाचे उत्तर फिरत्या रंगमंचात शोधले. ही युक्ती नवी नव्हे. जपानच्या काबुकी रंगभूमीवर ती अठराव्या शतकातच रूढ झाली होती, आणि १८९६ साली कार्ल लाउटेनश्लेगर यांनी म्युनिक येथे ती योजिली. मराठी प्रेक्षकांस तिचा परिचय घडला तो आचार्य अत्रे यांच्या १९६२ सालच्या ‘तो मी नव्हेच’मुळे. निपाणीच्या लखोबा लोखंडेची नाना सोंगे तिने झरझर समोर आणली.

नेपियर यांनी मात्र या चक्राकडून केवळ वेगाचे काम घेतले नाही. मोडके लाकूडसामान रचून त्यांनी दोन प्रचंड सांगाडे उभारले. ते उभे असता पॅरिसची दरिद्री वस्ती दिसे. पुढे तेच दोन्ही बाजूंनी सरकत येत, कलत आणि एकमेकांत गुंतून जात, की १८३२ च्या जूनमधील बंडखोरांचा तट तयार होई. गरिबांच्या घरांतूनच त्यांचा किल्ला उभा राहतो, हे सांगण्यास मग शब्दांची गरज उरत नसे.

खरी कसोटी पुढेच होती. गाव्रोश हा रस्त्यावरचा पोर काडतुसे वेचण्यासाठी तटापलीकडे उतरतो. त्या क्षणी सारा तट फिरे आणि सैनिकांच्या गोळ्यांसमोरचा तो मुलगा प्रेक्षकांना दिसे. बंड मोडल्यावर तट पुन्हा फिरे आणि लाल निशाणावर उलटा पडलेला तरुण नेता आंझोलरास दृष्टीस पडे.

२००९ पासूनच्या नव्या प्रयोगांत हे चक्र राहिले नाही; ह्यूगो यांच्या स्वतःच्या चित्रांवरून सुचलेली दृश्ये पार्श्वभागी आली. तेथे गाव्रोश तटापलीकडे दिसेनासा होतो. आपण त्याचे केवळ गाणे ऐकतो. लंडनमधील मूळ मांडणीही जुलै २०१९ मध्ये थांबली. दोन्ही रीतींनी कथा पुढे सरकते, यात शंका नाही. तथापि तटाआड सुखरूप बसलेल्या प्रेक्षकास त्या मुलाजवळ नेऊन उभे करण्याचे काम त्या फिरत्या फळ्यांनीच केले.